एकशे तीस डिग्रीचा रणगाडा

सुरतेत बमरोली रोडच्या सोसायटीत सोळा नंबरच्या घरी रणगाडा येणार आहे, ही गोष्ट वाल्मिक मास्टरांनी फक्त एका माणसाला सांगितली होती, आणि तीही कुणाला न सांगण्याच्या अटीवर. तो माणूस म्हणजे शेजारचा प्रदीप वाघ. एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करणाऱ्या प्रदीपचा असा ठाम समज होता, की माल आणि बातमी एका जागी पडून राहिले की खराब होतात. त्यामुळे संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर रणगाडा येऊनही गेला होता. तो कुठे उभा करायचा यावर चर्चा झाली, आणि तो आपल्या मोटारसायकलीच्या आड लावू नये अशी सूचना पाच नंबरवाल्यांनी हात जोडलेल्या चित्रासह टाकली.

रणगाडा वीतभर लांबीचा होता. दुसऱ्या महायुद्धातल्या खऱ्या रणगाड्याची प्लास्टिकची प्रतिकृती, दोनशे एकाहत्तर सुटे तुकडे, जपानहून येणारी. चिमट्याने तुकडे उचलायचे, सोल्यूशनने चिकटवायचे, रंगवायचे आणि मग काचेच्या कपाटात ठेवून आल्यागेल्याला हात लावू द्यायचा नाही, असा हा छंद आहे. जगात पुष्कळ शहाणीसुरती माणसं तो हौसेने करतात. वाल्मिक मास्टर हौसेने करत नव्हते. त्यांना दाखला हवा होता.

वाल्मिक देवरे हे पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये सत्तावीस वर्षं कलर मास्टर. पार्टीने, म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने, कापडाची चिंधी आणून दिली की हुबेहूब तोच रंग हजारो मीटर पॉलिस्टरवर चढवून देणं हे त्यांचं काम. उत्तरेच्या खिडकीशी उभं राहून, चिंधी डोळ्यांसमोर धरून ते ‘पास’ म्हणाले की लॉट पास. मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी त्याला चिंधी परत दाखवली जात नसे. पण गेल्या महिन्यात बाहेरगावच्या एका पार्टीचा मेंदी रंगाचा अख्खा लॉट परत आला. मेंदीत निळा उतरलाय, असं पार्टीचं म्हणणं. मास्टरांनी आधी पाण्याला दोष दिला, मग बॉयलरला, आणि शेवटी पार्टीच्या दुकानातल्या ट्यूबलाइटला. शेठने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

शेठ मास्टरांशी गुजरातीत बोलत आणि मास्टर शेठशी मराठीत. सत्तावीस वर्षांत दोघांनीही आपापली भाषा सोडली नव्हती आणि दोघांचंही कधी अडलं नव्हतं.

“मास्टर, आंखनुं चेकअप करावी लो,” शेठ म्हणाले. “डॉक्टरनुं सर्टिफिकेट लावो, पछी आवो. त्यां सुधी आराम करो.”

आवाज इतका गोड होता की मास्टरांनी त्यामागचा अर्थ लगेच ओळखला. घडी खात्यात, म्हणजे तयार कापडाच्या घड्या घालतात तिथे, देखरेखीची एक जागा रिकामी आहे हे त्यांना ठाऊक होतं. लॅबमध्ये रंग मोजणारं नवं मशीन आलं होतं आणि ते चालवायला स्वप्ना नावाची केमिस्ट्री शिकलेली मुलगीही आली होती. आता फक्त डॉक्टरने ‘नजर अधू’ असं लिहायचा अवकाश. घडी खात्यात गेलेल्या माणसाला कुणी मास्टर म्हणत नाही, वाल्मिकभाई म्हणतात.

मास्टर डॉक्टरला भीत नव्हते. ते डॉक्टरच्या उत्तराला भीत होते, पण ही बाब त्यांनी स्वतःलासुद्धा कळू दिली नव्हती. ज्या डोळ्यांनी निम्म्या हिंदुस्थानातल्या बायकांच्या साड्या पास केल्या, ते डोळे पास की नापास हे भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून कुणीतरी तिऱ्हाइताने ठरवावं, यात त्यांना मूलभूत अन्याय दिसत होता. अशा मनःस्थितीत असताना प्रदीपने एक जाहिरात दाखवली. अडाजणच्या एका सभागृहात हौशी प्रतिकृतिकारांचं प्रदर्शन. युद्धकाळातल्या वाहनांचा खास विभाग. उत्कृष्ट रंगकामासाठी करंडक आणि ‘प्रशस्तिपत्र’.

“म्हणजे सर्टिफिकेट?” मास्टरांनी विचारलं.

“शिक्क्यासकट,” प्रदीप म्हणाला.

रंगाच्या बाबतीत नजर अचूक आहे असा शिक्क्याचा कागद. शेठने कागद मागितला होता. तो कोणत्या डॉक्टरचा आणि कशाचा हे काही बारकाईने सांगितलं नव्हतं. मास्टरांनी त्याच संध्याकाळी प्रदीपच्या फोनवरून रणगाडा मागवला.

तो आला, पण घरी आला नाही. परदेशी पार्सलांच्या कचेरीत अडकला. पाकिटावर ‘लष्करी रणगाडा, नग एक’ असं इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि जपानी लोक खोटं लिहीत नाहीत अशी त्या कचेरीतल्या कारकुनाची श्रद्धा होती.

“चालू स्थितीत आहे?” कारकुनाने फॉर्म पुढे ओढून विचारलं.

“नाही. सुट्या भागांत आहे.”

“जोडल्यावर चालू होईल?”

“नाही हो. खऱ्याचा पस्तिसावा हिस्सा आहे.”

कारकुनाने चष्मा काढला. “मग बाकीचे चौतीस हिस्से कुठे आहेत?”

बरोबर आलेल्या प्रदीपने खिशातून पट्टी काढून पस्तिसावा हिस्सा म्हणजे काय हे टेबलावरच्या स्टेपलरचं उदाहरण घेऊन समजावलं. त्यातून स्टेपलर कचेरीच्या मालकीचा आहे आणि त्याला हात लावू नये एवढंच निष्पन्न झालं. शेवटी फॉर्मवर ‘वस्तूचा उपयोग’ या रकान्यापाशी गाडी अडली. पर्याय तीन होते: औद्योगिक, वैद्यकीय, धार्मिक. छंद नव्हता. मास्टरांनी औद्योगिकवर खूण केली असती तर कारखान्याचा परवाना लागला असता आणि वैद्यकीयवर केली असती तर डॉक्टरचं पत्र. डॉक्टर हा शब्द ऐकताच त्यांनी धार्मिकवर खूण करून सही ठोकली.

सरकारी कागदावरचं खोटं कधीकधी खरं होऊन बसतं. मास्टरांनी दहा दिवस खपून रणगाडा जोडला. बायको नूतन पलीकडे मशीनवर साड्यांना फॉल लावत बसायची आणि मास्टर अलीकडे चाकं लावत. एकूण चाकं अठ्ठेचाळीस. त्यांतलं एक फॉलच्या आत शिवलं जाऊन एका गिऱ्हाइणीच्या घरी गेलं आणि ते परत मागायला मास्टर स्वतः गेले, त्या प्रसंगाचं वर्णन त्यांच्या प्रतिष्ठेखातर इथे देत नाही. अकराव्या दिवशी रणगाडा उभा राहिला, आणि मास्टर जरा कौतुक ऐकायला प्रदीपकडे गेले. परत आले तर त्यांची आई, धुरपदाबाई, आरतीचं ताट घेऊन रणगाड्यासमोर बसलेली.

“माय, हे काय?”

“नवी गाडी घरमा उनी,” धुरपदाबाई अहिराणीत म्हणाली, “पूजा नको का? लोके काय म्हनतीन?”

म्हातारीच्या दृष्टीने यात वावगं काही नव्हतं. या घरात सायकल आली, स्कूटर आली, प्रत्येक गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबू फुटलं आणि एकही गाडी कधी कुणावर घातली गेली नाही. तिने रणगाड्याच्या तोंडावर हळदीकुंकवाचा स्वस्तिक काढला होता, तोफेच्या नळीला झेंडूचं फूल अडकवलं होतं आणि पट्ट्यांच्या पुढे लिंबू ठेवलं होतं. लिंबू रणगाड्याच्या निम्म्याएवढं होतं. खरा रणगाडा असता तर त्या लिंबाच्या आकाराची टेकडी चढून गेला असता. हा मास्टर ‘माय, नको’ म्हणेपर्यंत म्हातारीच्या तळहाताखाली पुढे सरकला, लिंबावर चढला आणि उताणा झाला. लिंबू शाबूत राहिलं, चार चाकं निखळली.

“लिंबू पक्कं व्हतं,” धुरपदाबाई म्हणाली आणि प्रसाद वाटायला उठली.

चाकं पुन्हा चिकटली. हळद मात्र निघेना. साबण झाला, रॉकेल झालं, प्रदीपच्या सांगण्यावरून टूथपेस्ट झाली. हळद तशीच राहिली आणि वर पुदिन्याचा वास आला. मास्टरांनी ब्रशने रंगाचा एक हात देऊन पाहिला, तर पिवळा स्वस्तिक खालून डोकवायला लागला आणि ब्रशचे ओरखडे दिसले ते वेगळेच. मास्टरांनी ब्रश खाली ठेवला. खरं तर त्यांना ब्रश मुळातच मान्य नव्हता.

“लावलेला रंग निघतो,” ते प्रदीपला म्हणाले. “चढलेला रंग राहतो. आम्ही रंग लावत नाही, चढवतो.”

इथे मास्टरांच्या विचाराची सांगड नीट समजून घ्यायला हवी, कारण वरकरणी तीत काहीच चूक दिसत नाही. सुरतेत पॉलिस्टर एकशे तीस डिग्रीला, झाकणबंद भांड्यात, दाबाखाली रंगतं. पॉलिस्टर म्हणजे शेवटी प्लास्टिक. रणगाडा प्लास्टिकचा. तेव्हा रणगाडा एकशे तीस डिग्रीला रंगेल. पांडेसऱ्यात सत्तावीस वर्षं घालवलेल्या कुठल्याही माणसाने हेच अनुमान काढलं असतं, आणि ज्याने पांडेसऱ्यात सत्तावीस मिनिटंही घालवली नाहीत त्याने काढलं नसतं.

मेंदी-हिरव्याची रेसिपी मास्टरांनी मनाशीच बांधली. खोक्यातलं छापील रंगपत्र त्यांनी पाहिलं आणि बाजूला टाकलं. त्यांना तो हिरवा पिवळट, मातकट वाटला. लष्कराचा रंग असा मेलेला कसा असेल? त्यांनी थोडा निळा वाढवला. तरी पिवळट वाटला, म्हणून आणखी वाढवला.

रविवारी ते रणगाडा पिशवीत घालून मिलमध्ये गेले. लॅबमध्ये स्वप्ना एकटीच होती.

“काका, हे पॉलिस्टर आहे?” तिने रणगाडा उलटसुलट करून विचारलं.

“पॉलिस्टरच.”

“नाही म्हणजे, एखादा तुकडा तापवून बघू या का आधी?”

“बाळ,” मास्टर म्हणाले, “तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी एकशे तीसवर रंगवतोय.”

स्वप्नाने सॅम्पलचं मोठं भांडं काढलं, मास्टरांनी रणगाडा आत बसवला, झाकण आवळलं, आणि मशीन पाऊण तास गरगरत राहिलं. या पाऊण तासात मास्टरांनी तिला रंगाच्या धंद्यातल्या चुका आणि त्या टाळण्याचे उपाय यांवर चांगलं मार्गदर्शन केलं.

झाकण उघडलं तेव्हा आत रणगाडा होता, पण त्याची जगण्याची इच्छा संपलेली दिसत होती. तोफेची नळी वाळल्या भेंडीसारखी खाली लोंबली होती. बुरूज एका अंगाने आत बसला होता, डावीकडची चाकं एकमेकांत विरघळून त्यांचा एक लांबट गोळा झाला होता, आणि बुरुजावरचं एक झाकण उघडं पडलं होतं ते तसंच उघडं गोठलं होतं. स्वप्नाने ओठ घट्ट मिटून घेतले.

मास्टरांनी मात्र रणगाडा हातात घेऊन खिडकीशी नेला. “बघ,” ते म्हणाले. “रंग बघ काय चढलाय. हळदीचा मागमूस नाही. कुठे डाग नाही, कुठे ढग नाही. याला म्हणतात मेंदी.”

“काका, मला जरा... ब्लू...”

“काय?”

“काही नाही, काका.”

रंग खरंच एकसारखा चढला होता. फक्त तो मेंदी नव्हता.

घरी रणगाडा पाहून प्रत्येकाने आपलं मत दिलं, आणि मत आश्चर्यकारकरीत्या एकच होतं: निळा. धुरपदाबाईने विचारलं, “हाऊ निया कसाले रंगाडा?” मास्टरांनी ते मनावर घेतलं नाही, कारण म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत ऑपरेशन करून भिंगं बसवलेली होती, बनावट भिंगांतून खरा रंग कसा दिसणार? प्रदीप म्हणाला, निळा; पण त्याच्या घरी ट्यूबलाइट होती. नूतन म्हणाली, “माले इचारशात तं निया शे.” मास्टरांनी तिला विचारलंच नव्हतं, त्यामुळे ते मत नियमात बसत नव्हतं.

पण रंगापेक्षा मोठा प्रश्न आकाराचा होता. प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं आणि अशी वितळलेली वस्तू मांडायची कशी? प्रदीपने निंबा सुभेदारांना बोलावून आणलं. हे चाळीसगावकडचे, फौजेत रणगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केलेले, आता सत्तरी उलटून गेलेले आणि सोसायटीच्या प्रत्येक भांडणात तहाची बोलणी करणारे. सुभेदारांनी रणगाडा हातात घेतला, फिरवला, खाली वाकून पाहिला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

“मास्टर,” ते हळूच म्हणाले, “तुम्हीन हाई कोठे दखं?”

“काय कुठे दखं?”

“गोळा बठल्यावर रणगाडा आसाच व्हस. आठून घुसस, आतमा आग लागस, नळी खाले पडस. मी वर्कशॉपमा आसाच उघाडेल शे.” त्यांनी उघड्या झाकणावर बोट ठेवलं. “आन् आठून पोरे बाहेर पडतस. पडनात तं.”

सुभेदारांनी रणगाडा टेबलावर ठेवला, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला, आणि मग पूर्ववत आवाजात विचारलं, “फक्त माले एक सांगा. हाऊ नेव्हीना शे का?”

सुभेदारांच्या वयाकडे पाहून मास्टरांनी तेही सोडून दिलं.

अशा रीतीने ‘युद्धात निकामी झालेला रणगाडा’ या नावाने ती वस्तू अडाजणच्या सभागृहात मांडली गेली. आजूबाजूला मोठमोठे हौशी लोक होते. वाहनांवर चिखल कसा उडवावा, गंज कसा आणावा, यांत वर्षं घालवलेले. ते सगळे एकेक करून मास्टरांच्या टेबलाशी आले आणि वाकून, श्वास रोखून पाहत राहिले.

“हे धातूचं वळणं कसं साधलंत?” बडोद्याहून आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं. “मी मेणबत्तीवर करतो, पण इतकं नैसर्गिक येत नाही.”

“तो आमच्या धंद्याचा भाग आहे,” मास्टर तुटकपणे म्हणाले. “तुम्ही रंग बघा.”

“रंग... हो, रंग,” गृहस्थ म्हणाले आणि पुन्हा नळीकडे पाहू लागले.

दिवसभर हेच. लोकांनी विचारलं ते वितळण्याबद्दल. मास्टरांना सांगायचं होतं ते रंगाबद्दल, आणि रंग निघाला की लोक ओशाळून दुसऱ्या टेबलाकडे जात. कुणाच्या घरी जेवण बिघडलं की पाहुणे जशी ताटाची स्तुती करतात, तसं काहीतरी चाललं होतं. मास्टरांच्या अभिमानाला दर दहा मिनिटांनी एकेक टाचणी लागत होती, पण ते ताठ उभे होते. निकाल लागायचा होता.

संध्याकाळी निकाल लागला. निकामी वाहनांच्या गटात वाल्मिक देवरे, प्रथम क्रमांक. टाळ्या पडल्या, सगळ्यांत मोठ्या सुभेदारांच्या. मास्टर करंडक घेऊन खाली आले आणि त्यांनी त्याकडे न पाहता आधी गुणपत्रिका उघडली. नुकसानीचा जिवंतपणा: दहापैकी दहा. एकूण परिणाम: दहापैकी नऊ. रंगकाम: दहापैकी शून्य. खाली परीक्षकांचा शेरा होता: ‘भूदलाचे वाहन गडद निळे का, ते समजले नाही.’

रंगकामाचं प्रशस्तिपत्र बडोद्याच्या गृहस्थांना मिळालं.

ज्या गोष्टीत मास्टरांची शुद्ध चूक झाली होती तिचं त्यांना बक्षीस मिळालं, आणि ज्या एका गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप केला तिच्यात भोपळा. प्रदीप फोटो काढायला बोलावत होता. मास्टर रणगाडा उचलून बाहेर गेले आणि सभागृहाच्या पायऱ्यांवर बसले. थोड्या वेळाने प्रदर्शनाला बरोबर आलेली नूतन येऊन शेजारी बसली. उजेड अजून स्वच्छ होता. मास्टरांनी रणगाडा तिच्यापुढे धरला. सत्तावीस वर्षांत त्यांनी रंग कुणाला विचारला नव्हता.

“नूतन, किती निया शे?”

तिने रणगाडा घेतला. दिवसातून पन्नास साड्यांना दोरा जुळवणारी बाई. तिने रणगाडा उजेडात तिरका केला. “मोरपंखीले जरासा कमी,” ती म्हणाली.

“कव्हयपासून माहीत तुले? मना डोयास्नं?”

नूतनने रणगाडा मांडीवर ठेवला. “दिवाईपासून. मी गुलाबी दोरा दखाडा, तुम्हीन नारंगी सांगं.”

“मंग बोलनी कसाले नही?”

“कशी बोलू?” ती म्हणाली. “तुम्ही मास्टर शेतस ना.”

मास्टरांना फार वाईट वाटलं. लॉट परत आला तेव्हा वाटलं नव्हतं इतकं. आपण चुकीचे जुळवून दिलेले दोरे ही बाई सहा महिने आपल्यामागे परत नीट लावून ठेवत होती आणि आपण तिच्या मताला नियमात बसत नाही म्हणत होतो, हे त्यांना त्या पायरीवर लख्ख कळलं. ते करंडक आत विसरून उठले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडण्याआधी दारात उभे होते.

डॉक्टर पोरसवदा आणि बोलका होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही पिवळट. “काका, गेलं वर्षभर तुम्ही दुनिया चहाच्या गाळणीतून बघताय,” तो म्हणाला. “निळा तुमच्यापर्यंत पोचतच नसणार.” म्हणून मास्टर प्रत्येक रंगात तो वरून टाकत होते. आधी डावा डोळा करायचा ठरलं, महिन्याने उजवा. डॉक्टरने अर्ध्या तासात काम उरकलं. ज्या गोष्टीला मास्टर दोन महिने घाबरले होते तिला रणगाड्याची चाकं लावण्यापेक्षा पुष्कळ कमी वेळ लागला.

पट्टी निघाली तेव्हा मास्टरांना पहिला धक्का घराच्या भिंतींनी दिला. क्रीम समजून ज्या भिंतींचं ते कौतुक करत होते त्या पांढऱ्या होत्या. धुरपदाबाईचे केस पांढरे होते ते ठीकच, पण नूतनचेही बरेच पांढरे झाले होते आणि हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. मग त्यांनी कपाटातून रणगाडा काढला. नव्या डोळ्याने पाहिला. उजव्या, जुन्या डोळ्याने पाहिला; सुरेख मेंदी. पुन्हा डाव्याने पाहिला. एकदा हा डोळा मिटून, एकदा तो मिटून, ते पाव तास रणगाड्याला डोळे मारत बसले होते, आणि धुरपदाबाईने दारातून ते पाहून नातेवाइकांना फोन करावा की काय असा विचार केला. शेवटी मास्टरांनी मिलमध्ये असतं तसलं एक कार्ड घेतलं, त्यावर काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि ते दोऱ्याने रणगाड्याच्या लोंबत्या नळीला बांधलं.

सोमवारी ते शेठच्या केबिनमध्ये उभे राहिले. एका हातात डॉक्टरचा कागद, दुसऱ्यात रणगाडा. स्वप्ना सकाळचे सॅम्पल घेऊन तिथेच उभी होती. शेठने कागद बाजूला ठेवला आणि कार्ड वाचलं: ‘रंग मेंदी. निळा फार जास्त. नापास. वा. देवरे, कलर मास्टर.’

“आ पास कोणे करेलो?” शेठने विचारलं.

“मीच.”

“ने नापास?”

“तोही मीच.”

शेठने रणगाडा टेबलावर ठेवला. त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच होतं. “अने पेलो लॉट, मास्टर?”

मास्टर तयारी करून आले होते. “तो मी खराब केला, शेठ. पाणी चांगलं होतं. बॉयलरही चांगला होता. घडी खात्यात पाठवायचं असेल तर जातो, पण त्याचा दोष दुसऱ्या कुणावर राहू नये.”

शेठ खुर्चीत मागे रेलले, मास्टरांकडे पाहिलं, मग स्वप्नाच्या हातातली पहिली चिंधी घेतली आणि मूळ नमुन्यासकट टेबलावरून पुढे सरकवली.

मास्टर ती घेऊन उत्तरेच्या खिडकीशी गेले. उजवा डोळा, ऑपरेशन व्हायचा राहिलेला, त्यांनी तळहाताने झाकला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “स्वप्ना, इकडे ये बरं. तू काय म्हणतेस?”

स्वप्ना गोंधळली. “काका, मशीनवर पास आहे.”

“मशीनला नाही विचारलं. तुला विचारलं.”

ती खिडकीशी आली. तिने चिंधी धरली, नमुना धरला, दोन्ही उजेडात फिरवले. “लाल...” ती चाचरत म्हणाली, “लाल थोडा कमी वाटतो.”

“पाव टक्का,” मास्टर म्हणाले. “नापास.”

शेठने कपाळाला हात लावला. तो लॉट मशीनच्या भरवशावर पहाटेच घड्या होऊन टेम्पोत भरून झाला होता आणि ड्रायव्हर खाली हॉर्न वाजवत होता. त्यांनी मास्टरांच्या त्या झाकलेल्या डोळ्याकडे पाहिलं. मग उठले, खिडकीतून बाहेर डोकावले आणि टेम्पो रिकामा करायला सांगितला.